आमची वाटचाल: रूळ उखडलेल्या वाटांवरून

स्पेनमध्ये बंद पडलेल्या किंवा पूर्णच न झालेल्या रेल्वेमार्गांवर सायकलसाठी आणि पायी चालण्यासाठी वाटा केल्या आहेत. त्यांना तिथे ‘व्हिया व्हेर्दे’ म्हणतात. रूळ आणि स्लीपर काढले, भरावावर मुरूम-खडी दाबून बसवली, बोगदे साफ केले, पुलांना कठडे लावले. १९९३ पासून तिथलं रेल्वे फाउंडेशन हे काम एकसूत्री चालवतं आणि आज या वाटांची एकूण लांबी तीन हजार किलोमीटरच्या वर गेली आहे. त्यावर सायकल चालवायला तिकीट नाही, परवाना नाही, पाट्याही जागोजागी आहेत. मग मधे तुमचं काय काम, असं लोक आम्हाला विचारतात. प्रश्न रास्त आहे. या वाटांवर सायकल-सहली काढणाऱ्या आमच्या छोट्या कंपनीत गेल्या काही वर्षांत जे बदल झाले, ते बहुतेक या एका प्रश्नामुळेच झाले.

वाट सोपी आहे. डोकं लागतं ते तिच्या दोन टोकांना, आणि मधल्या पाण्या-जेवणाच्या हिशेबाला.

आम्ही सुरुवात केली ती दक्षिण स्पेनमधल्या आंदालुसियातल्या ‘व्हिया व्हेर्दे दे ला सिएर्रा’पासून. पुएर्तो सेर्रानो ते ओल्बेरा, ३६ किलोमीटर, ३० बोगदे आणि ४ उंच पूल. १९२० च्या दशकात या रेल्वेचं काम सुरू झालं, बोगदे खोदून झाले, स्टेशनं उभी राहिली, पण गाडी एकदाही धावली नाही. मधेच साफ्रामागोनचा कडा लागतो. तिथे गिधाडांची फार मोठी वसाहत आहे, त्यामुळे दुर्बीण सामानाच्या गाडीत नको, हँडलच्या पिशवीत हवी. नवख्यांना आम्ही आजही हीच वाट आधी देतो, कारण ती एका दिवसात होते आणि पुढच्या सगळ्या वाटांचे धडे तिच्यात मिळतात.

पहिला धडा चढाचा. रेल्वेला तीव्र चढ झेपत नाही, म्हणून या वाटांवर चढ बहुतांशी दोन-तीन टक्क्यांच्या आत राहतो. आपल्या बोरघाटात रेल्वेचा चढ ३७ ला १, म्हणजे सुमारे पावणेतीन टक्के, आणि तेवढ्यालाही मागून जादा इंजिनं लावावी लागतात. सायकलला हा चढ काहीच नाही, असं ऐकून लोक निर्धास्त होतात. पण रेल्वे दरीतून जाते आणि गावं टेकडीवर असतात. मध्ययुगात मूर (मुस्लिम) आणि ख्रिस्ती राज्यांच्या सीमेवरच्या या गावांनी किल्ल्याच्या आडोशाला वस्ती केली. स्टेशन राहिलं खाली. ओल्बेरा तसं, ऑलिव्हच्या तेलाच्या वाटेवरचं सुएरोसही तसंच. दिवसभर दोन टक्के चढलेला माणूस शेवटच्या दीड-दोन किलोमीटरात आठ-दहा टक्क्यांच्या डांबरी रस्त्यावर येतो, तोही चारच्या उन्हात. म्हणून गिअर निवडायचा तो वाटेसाठी नव्हे, गावासाठी. पुढच्या सर्वांत लहान चकतीला ३४ दात आणि मागच्या सर्वांत मोठ्या दातेचक्राला ३४ ही आमची किमान अट. सामान सायकलवरच नेणार असाल, तर पुढे ३० आणि मागे ३६ बरं. दुकानदार वाटेचं नाव ऐकून ‘सपाट आहे’ म्हणत मोठ्या चकतीची सायकल पुढे करतो. ती घेऊ नका.

सपाटीची दुसरी गंमत अशी की तिथे कोणी सीटवरून उठत नाही. घाटात माणूस आपसूक उभा राहतो, उतारावर पायडल थांबवतो. इथे तास-दीड तास एकाच बैठकीत एकसारखं पायडल चालतं, म्हणून बुड सोलवटतं आणि तळहात बधिर होतात. दर दहा मिनिटांनी वीसेक फेरे उभं राहून मारायचे, एवढाच उपाय. महागड्या सीटने हे टळत नाही.

गटाचा आकार आम्ही आठवर आणला आहे. त्यामागे हौस नाही, कायदा आहे. युरोपात साध्या कार-लायसन्सवर चालक धरून नऊ जणांची व्हॅन चालवता येते, आणि तिला साडेसातशे किलोपर्यंतचा ट्रेलर जोडता येतो. आठ माणसं, आठ सायकली, एक चालक. नववा माणूस आला की दुसरी गाडी आणि दुसरा चालक आला, खर्च दीडपट. खेड्यातली मुक्कामाची घरंही चार-पाच खोल्यांचीच असतात. बारा जणांची चौकशी आली, तर आम्ही दोन वेगळ्या तारखा सुचवतो.

सोबत गाइड द्यायचं आम्ही बंद केलं, चालक ठेवला. वाट चुकायला जागाच नसते, म्हणून पुढे पळणाऱ्या गाइडचा उपयोग कमी. उलट व्हॅन वाटेवर येऊ शकत नाही. ती डोंगराच्या पलीकडच्या रस्त्याने जाते आणि फक्त काही ठरावीक जागी भेटते. दोन भेटींच्या मधे सायकल मोडली, तर ढकलत पुढच्या जुन्या स्टेशनापर्यंत जावं लागतं. त्यामुळे प्रत्येकाकडे गाडी कुठे भेटणार याचा कागद, दोन ट्यूब, चेनची जोडकडी आणि गिअर-हँगर (मागचा गिअर ज्यावर बसतो तो छोटा तुकडा) हवा. हँगर प्रत्येक मॉडेलचा वेगळा असतो. सायकल ताब्यात घेतानाच दुकानातून मागून घ्यायचा, नंतर त्या डोंगरात कुठेही मिळत नाही.

दिशेचं म्हणाल, तर शक्यतो आतून समुद्राकडे. ‘ओखोस नेग्रोस’ ही वाट तेरुएलच्या लोहखनिजाच्या खाणींपासून भूमध्य समुद्रावरच्या सागुंतोपर्यंत जाणाऱ्या जुन्या रेल्वेमार्गावर आहे. खाणकंपनीने १९०७ मध्ये स्वतःची रेल्वे टाकली, ती १९७२ मध्ये बंद झाली. शेजारची प्रवासी रेल्वे मात्र राहिली, त्यामुळे गाडीने वर जाऊन सायकलने खाली येणं जमतं. बार्राकासचं पठार जवळजवळ हजार मीटर उंचीवर आहे; तिथून सागुंतोकडे साठ-सत्तर किलोमीटर बहुतेक उतार. तरीही दुपारी दोनच्या आत खाली पोचा, कारण ऊन तापलं की समुद्राकडून वारा दरीतून वर येतो आणि दोन टक्क्यांच्या उतारावरही पायडल मारावं लागतं. बार्राकासच्या वरच्या अंगाला गावं विरळ, सावली नाही; तिथे माणशी तीन लिटर पाणी. कारंज्यावर ‘नो पोताब्ले’ लिहिलं असेल, तर ते पाणी प्यायचं नाही.

ट्रेनमध्ये सायकल नेण्याचे नियम गाडीगणिक वेगळे. साध्या प्रादेशिक गाड्यांत मोजक्याच सायकलींना जागा असते, वेगवान गाडीत ती सुटी करून पिशवीत घालावी लागते. आठ जणांच्या गटाला म्हणूनच आम्ही ट्रेन सुचवत नाही. दोघं-तिघं असाल, तर जरूर.

सायकली आम्ही पूर्वी इथून खोक्यात घालून न्यायचो. आता तिथेच भाड्याने घेतो. विमानाचं सामानभाडं हे एक कारण, पण मोठं कारण टायर. इथल्या रस्त्याच्या सायकलीला २८ मिलिमीटरचा टायर असतो. त्या वाटांना ४० हवा. पंचाहत्तर किलोच्या माणसाला पुढे ३५ ते ४० पीएसआय हवेचा दाब आणि मागे पाचेक जास्त पुरतो. टायर दगडासारखा टणक ठेवलात, तर खडीवर हात बधिर होतात. फारच मऊ ठेवलात, तर पुलाच्या सांध्यावर आपटून ट्यूबला शेजारी-शेजारी दोन भोकं पडतात.

भाड्याच्या सायकलीत एक गोष्ट सगळ्यांत आधी तपासा: ब्रेक. आपल्याकडे बहुधा उजव्या हाताला पुढचा ब्रेक असतो, तिथे उजव्या हाताला मागचा आणि डाव्याला पुढचा. शिवाय वाहतूक उजवीकडून. घाबरून जो हात आधी दाबला जातो, त्यात पुढचं चाक अडकलं की माणूस हँडलवरून पुढे जातो. पहिल्या सकाळी मोकळ्या पटांगणात प्रत्येकाने अर्धा तास नुसते ब्रेक दाबायचे. नको वाटत असेल, तर दुकानदाराला केबल बदलून द्यायला सांगा. हायड्रॉलिक ब्रेक असले, तर ते काम वेळखाऊ. आधीच कळवावं लागतं.

पंक्चरचं कारण आपल्या ओळखीचं निघतं: सराटे. गोखरूची तीच वनस्पती, तेच काटे, फक्त स्पेनमधले. उन्हाळा संपताना फळं वाळून वाटेच्या कडेला आणि स्टेशनांच्या आवारात पडतात, म्हणून सप्टेंबर-ऑक्टोबरच्या गटांना वसंतातल्या गटांपेक्षा जास्त पंक्चर होतात. सायकल गवतात आडवी टाकायची नाही, उचलून वाटेच्या मधे आणायची. टायरमध्ये काटा दिसला आणि हवा टिकून असेल, तर ट्यूबवाल्याने तो तिथेच उपटू नये. काटाच भोक बुजवून असतो. सावली आणि बसायला जागा मिळेपर्यंत चालवा, मग काढा. नवी ट्यूब घालण्याआधी टायर आतून फडक्याने पुसा, बोटाने नको. फडकं जिथे अडकेल तिथे तुटलेलं टोक आहे. एक सापडलं म्हणून थांबू नका, सराटा सहसा एकटा नसतो. ट्यूबलेस असेल, तर काटा काढून भोक खाली येईल असं चाक फिरवायचं, म्हणजे आतला द्रव तिथे जमून बुजतो. हा द्रव उन्हाने सुकतो. एका चाकात साठ ते नव्वद मिलिलिटर ताजा आहे ना, हे दुकानात विचारा.

पावसाचं दुखणं वेगळं. खाएन ते पुएंते खेनिल ही ऑलिव्हच्या तेलाची वाट १२८ किलोमीटरची, जुन्या लोखंडी पुलांवरून जाणारी. तिच्या कोर्दोबाकडच्या मातीच्या भागात पाऊस पडून गेला की चिखल आपल्या काळ्या मातीसारखा चाकाला धरतो, मडगार्डमध्ये भरतो आणि चाक फिरायचं थांबतं. अशा दिवशी दोन-तीन तास उशिरा निघणं शहाणपणाचं. हिवाळ्यात ऑलिव्हची तोडणी सुरू असते, तेव्हा काही तुकड्यांवर शेतकऱ्यांचे ट्रॅक्टर येतात. त्यांना परवानगी असते. म्हणजे ‘वाहनमुक्त’ हा शब्द मोटारींपुरता खरा. जिथे वाट डांबरी रस्ता ओलांडते तिथे मधोमध खांब रोवलेले असतात. पुढच्याला ते दिसतात, त्याच्या मागे चिकटून येणाऱ्याला नाही. पहिल्याने मोठ्याने ‘खांब’ म्हणायचं, अशी शिस्त आम्ही लावतो.

बोगद्यांत वेग कमी करा, अंतर ठेवा. ‘सिएर्रा’च्या वाटेवरचा सर्वांत लांब बोगदा जवळपास एक किलोमीटरचा आहे. काही बोगद्यांत माणूस आला की दिवे लागतात, पण ते बंद असतील असंच धरून चाला. हेडलाइट आणि मागचा लाल दिवा तोंडाशी पोचण्याआधी लावायचा, गॉगल काढायचा. डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला वेळ लागतो आणि तेवढ्यात कुत्र्याला फिरवणारा माणूस समोर येऊ शकतो. आत ओल असते, तोंडाशी घसरडा गाळ असतो, आणि घामाने भिजलेल्या अंगाला गारठा लागतो. गावाबाहेर हेल्मेट कायद्यानेच सक्तीचं आहे.

शाकाहाऱ्यांची सोय होते, पण ‘मांस नको’ एवढं म्हणून भागत नाही. डुकराच्या मांसाचे बारीक तुकडे आणि टूना मासा यांना खेड्यात कोणी मांसात मोजत नाही. ‘सिन हामोन, सिन अतून’ असं नाव घेऊन सांगा. सालमोरेखो हे टोमॅटोचं गार सूप वरचं अंडं नि हामोन काढून मागता येतं. सकाळी पाव, टोमॅटो आणि ऑलिव्हचं तेल सगळीकडे मिळतं. दुकानं दुपारी दोन ते पाच बंद, जेवण दोनच्या आधी नाही आणि रात्रीचं नऊच्या आधी नाही. सोमवारी अनेक खाणावळी बंदच. आमचा चालक म्हणूनच रोज अकराच्या भेटीला पाव, फळं आणि दाणे घेऊन येतो.

आम्ही मार्चअखेर ते मे आणि सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर एवढ्याच तारखा ठेवतो. जुलै-ऑगस्टमध्ये आंदालुसियात पारा चाळिशी गाठतो. कोणी कितीही आग्रह केला तरी त्या तारखा देत नाही. शेंगेन व्हिसासाठी किमान ३०,००० युरोचा वैद्यकीय विमा लागतो, पण भाड्याच्या सायकलीची मोडतोड त्यात धरलेली नसते. तो विमा दुकानात वेगळा घ्यायचा. व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. वसंतातल्या तारखेसाठी ऑक्टोबरातच हालचाल करा.