संध्याकाळचा कडक चहा सोडून शेवंतीच्या चहाकडे : माझा अनुभव

रात्री अंथरुणावर पडलं की डोळ्याला डोळा लागायचा नाही आणि सकाळी उठताना अंग जड झालेलं असायचं. हे बरेच महिने चाललं होतं. त्यात दिवसभर संगणकासमोर बसून संध्याकाळपर्यंत डोळे चुरचुरायला लागायचे. मग ती मरगळ घालवायला मी कडक चहा घ्यायचे, कधीकधी दोनदा. डॉक्टरांकडे गेले तेव्हा वाटलं होतं की झोपेची गोळी मिळेल. त्यांनी गोळीचा विषयच काढला नाही. "दिवसातला शेवटचा चहा किती वाजता घेता?" एवढंच विचारलं.

त्यांनी समजावलं ते असं. पोटात गेलेलं कॅफिन निम्मं व्हायला साधारण ५ तास लागतात, माणसागणिक हा वेळ कमीजास्त होतो. म्हणजे संध्याकाळी सहाला घेतलेल्या चहातलं निम्मं कॅफिन रात्री अकरालाही अंगात फिरतच असतं. दिवसभरात मेंदूत ॲडेनोसिन नावाचं द्रव्य साठत जातं आणि त्यामुळे आपल्याला झोप येते. कॅफिन नेमकी त्याचीच जागा अडवून बसतं. थकवा तसाच राहतो, फक्त तो जाणवत नाही.

दुपारनंतर चहा बंद, असं ठरलं. ठरवणं सोपं होतं. पण संध्याकाळच्या चहात नुसतं कॅफिन नसतं. काम बाजूला ठेवून उठणं, हातात गरम कप धरणं, दोन मिनिटं कुणाशी बोलणं, हे सगळं त्या कपाभोवती असतं. तो वेळ नुसता रिकामा ठेवला असता तर माझा निश्चय टिकला नसता. कोमट पाण्याने मन भरेना. कॅफिन नसलेलं, गरम आणि स्वतःची चव असलेलं काहीतरी हवं होतं. तशी मी शेवंतीच्या चहापाशी पोहोचले.

त्याच्याबद्दल वाचायला लागले तर गुणांची लांबलचक यादीच समोर आली : डोळे निवतात, यकृत साफ होतं, रक्तदाब उतरतो, झोप लागते, ताप जातो, हाडं बळकट होतात. एका फुलाला इतकं सगळं जमत असेल यावर माझा विश्वास बसेना, आणि पिण्याआधी खरं काय ते बघावं असं वाटलं.

पहिली चौकशी ॲलर्जीची केली, आणि जो कुणी हा चहा सुरू करणार असेल त्यानेही हीच आधी करावी. शेवंती सूर्यफुलाच्या कुळातली. झेंडू, डेझी, कॅमोमाइल आणि आपल्याला नकोसं झालेलं गाजर गवतही त्याच कुळातलं. या कुळातल्या अनेक झाडांत त्वचेला खाज आणि पुरळ आणणारी द्रव्यं असतात. रोज शेवंती हाताळणाऱ्या फुलवाल्यांच्या हातांवर त्यामुळे इसब उठतो, ही त्वचारोगतज्ज्ञांच्या जुन्या ओळखीची गोष्ट आहे. डॉक्टरांनी मला विचारलं, "गाजर गवताने अंगावर पुरळ येतं का? परागांनी शिंका, दम लागणं असलं काही?" नाही म्हटल्यावर ते म्हणाले, "मग घ्या, पण पहिल्यांदा अर्धाच कप, आणि ओठ-घसा खाजतो का ते बघा." कुठली औषधं चालू आहेत तेही त्यांनी पुन्हा विचारून घेतलं.

मग फुलं निवडायची होती. चहाची शेवंती म्हणजे क्रिसँथेमम मोरिफोलियम, पण सजावटीसाठी वाढवलेली फुलं चहात घालायची नाहीत. ती खाण्यासाठी पिकवलेली नसतात, त्यामुळे त्यांच्यावर कीटकनाशकं कशी आणि किती फवारली असतील याचा भरवसा नसतो. शिवाय शेवंतीचंच एक जवळचं भावंड आहे, त्याच्या फुलांपासून पायरेथ्रम हे कीटकनाशक तयार करतात. म्हणून पिण्यासाठीच पिकवून वाळवलेली, नाव नीट लिहिलेली फुलं घ्यायची, हा नियम मी मोडला नाही.

चीनमध्ये या चहाची मोठी परंपरा आहे आणि तिथे गावागावाची फुलं वेगळी ओळखली जातात. झेजियांग प्रांतातल्या तोंगशियांगची पांढरी फुलं आधी वाफवतात आणि मग वाळवतात, त्यामुळे ती चपटी दिसतात. आन्हुई प्रांतातल्या ह्वांगशान भागातली 'गोंगजू', त्याच प्रांतातल्या बोचौची 'बोजू' आणि चूचौची 'चूजू' या जातीही नावाजलेल्या आहेत. दिवस लहान व्हायला लागले की शेवंतीला कळ्या धरतात, त्यामुळे तोडणी शरदात होते. आज मी जी फुलं वापरते त्यांच्यामागे एवढी मेहनत असते, हे कळल्यावर मी ती जपून वापरायला लागले.

फूल कसं पारखायचं हे मला हाताळूनच उमगलं. चांगलं वाळलेलं फूल मळकट पांढरं ते फिकट पिवळं असतं, मधला गोंडा गडद पिवळा आणि वासात मधाचा गोडवा नि थोडासा कापूर. हा भास नाही, फुलातल्या तेलात कापूर असतोच. फुलं पांढरीशुभ्र दिसत असतील आणि पाकीट उघडताच नाकाला झोंबणारा आंबट वास आला, तर ती गंधकाची धुरी दिलेली असण्याची शक्यता असते. कीड लागू नये आणि रंग उजळ राहावा म्हणून अशी धुरी देतात. त्यातून उरणारा सल्फर डायऑक्साइड दमेकऱ्यांना त्रासदायक ठरू शकतो. अशा वासाचं एक पाकीट माझ्या वाट्याला आलं होतं, ते मी सरळ फेकून दिलं.

करण्याची रीत साधी आहे. एका मोठ्या कपाला पाचसहा फुलं, म्हणजे दोनतीन ग्रॅम. फुलं आधी गरम पाण्यात एकदा हलवून ते पाणी टाकून द्यायचं, धूळ निघून जाते. पाण्याला उकळी आली की आच बंद करून मिनिटभर थांबायचं, मग ओतायचं. मी काचेच्या पेल्यातच करते, कारण बघण्यासारखं असतं. सुकलेलं फूल आधी वर तरंगतं. मग कडेच्या पाकळ्या एकेक करून सुटायला लागतात, गोंडा पाणी पितो, जड होतो आणि फूल तिरकं होत खाली उतरतं. तोवर पाण्यात पिवळी छटा पसरलेली असते. चार-पाच मिनिटं झाली की प्यायला घ्यायचा. त्याच फुलांवर दोनदा तरी पुन्हा पाणी ओतता येतं, दुसरा कप मला पहिल्यापेक्षा जास्त आवडतो. फुलं उकळत ठेवली की कडवटपणा येतो. साखर मी घालत नाही. आग्नेय आशियात हा चहा गोड करून डबाबंदही विकतात, पण तेवढी साखर पोटात गेली की आरोग्याची गोष्ट करण्यात अर्थ उरत नाही.

या सगळ्यात सर्वांत कठीण गेले ते पहिले काही दिवस. कॅफिन कमी केल्याच्या दुसऱ्याच दिवशी डोकं ठणकायला लागलं, चिडचिड झाली, कामात लक्ष लागेना. कॅफिन अचानक कमी केलं की १२ ते २४ तासांत डोकेदुखी सुरू होते, पहिल्या दोन दिवसांत ती सर्वांत जास्त असते आणि आठवडाभरात बहुधा ओसरते. हे आधीच माहीत होतं म्हणून मी तग धरला. नाहीतर शेवंतीच बाधली असं समजून सोडून दिलं असतं. ज्यांना जमेल त्यांनी एकदम न तोडता चहा रोज थोडा पातळ करत न्यावा, त्रास पुष्कळ कमी होतो.

डोकेदुखी सरली आणि मग झोप सुधारली. आधी पडल्या पडल्या लागायला लागली, नंतर मधली जागही कमी झाली. याचं श्रेय फुलाला किती द्यायचं? शेवंतीत ल्युटिओलिन, ॲपिजेनिन, ॲकॅसेटिन ही फ्लॅव्होनॉइड द्रव्यं असतात, आणि क्लोरोजेनिक आम्लही. यातल्या ॲपिजेनिनचा मेंदूवर शामक परिणाम होत असावा असं प्रयोगशाळेतल्या आणि प्राण्यांवरच्या प्रयोगांत दिसलेलं आहे. पण कपभर चहातून माणसाला तेवढं मिळतं का, हे त्यातून सिद्ध होत नाही. माझ्यापुरतं पक्कं एवढंच आहे की संध्याकाळचं कॅफिन गेलं आणि त्याच्या जागी कॅफिन अजिबात नसलेलं पेय आलं. हा फायदा छोटा नाही. माझी झोप त्याने परत दिली.

डोळ्यांबद्दल मला सगळ्यात जास्त उत्सुकता होती. चीनच्या 'शननोंग बेनत्साव जिंग' या सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या औषधीग्रंथात शेवंतीचा समावेश आहे, आणि पारंपरिक चिनी वैद्यकात ती डोळ्यांसाठी, डोकेदुखीसाठी आणि अंगातली उष्णता उतरवण्यासाठी देतात. त्या शास्त्रात डोळ्यांचा संबंध यकृताशी जोडलेला आहे, 'यकृत साफ करतो' हा दावाही तिथूनच आलेला. रक्ताच्या तपासणीत दिसणारं यकृताचं काम या चहाने सुधारतं, असा त्याचा अर्थ घेऊ नये. फुलाच्या पिवळ्या रंगाकडे बोट दाखवून यातून अ जीवनसत्त्व मिळतं असंही सांगतात. ज्या कॅरोटिनॉइड नावाच्या रंगद्रव्यांपासून ते जीवनसत्त्व बनतं ती तेलात विरघळतात, पाण्यात नाही, त्यामुळे गाळलेल्या चहात ती नावापुरतीच उतरतात.

तरीही माझ्या डोळ्यांची चुरचुर कमी झाली, हे खरं आहे. पडद्याकडे टक लावून बघताना पापण्या कमी लवतात आणि डोळे कोरडे पडतात. चहा मुरेपर्यंतची ती चार-पाच मिनिटं मी पडदा सोडून उठायला लागले, खिडकीबाहेर लांब बघायला लागले. नेत्रतज्ज्ञ दर २० मिनिटांनी २० फूट लांबच्या वस्तूकडे २० सेकंद बघा म्हणून सांगतात, ते एरवी कधी माझ्याकडून व्हायचं नाही. भिजलेली फुलं पापण्यांवर ठेवण्याचा सल्लाही मिळाला होता. डॉक्टरांनी नको म्हटलं : ती फुलं निर्जंतुक नसतात आणि पापणीची कातडी फार नाजूक असते. शेक हवाच असेल तर स्वच्छ कापड गरम पाण्यात पिळून ठेवा, म्हणाले.

रक्तदाब, साखर, हाडं यांबद्दलचे बहुतेक दावे उंदरांवरच्या किंवा पेशींवरच्या प्रयोगांवर उभे आहेत, माणसांवरचे चांगले अभ्यास अजून थोडे आहेत. म्हणून चालू गोळी बंद करून कुणी हा चहा धरू नये, हे मी प्रत्येकाला कळकळीने सांगते.

झोपायच्या तोंडावर घेऊ नका, रात्री उठावं लागतं. मी झोपेच्या दोनतीन तास आधी घेते. करून ठेवलेला चहा फार वेळ तसाच राहिला तर रंग हिरवट होत जातो आणि चवही उतरते, म्हणून ताजाच करते.

माझं बघून मावशीलाही हा चहा हवासा झाला. "मलाही दे गं थोडी फुलं," म्हणाली, "आणि त्यात ती लाल गोजीची फळंही घालतात ना?" घालतात, चीनमध्ये ही जोडी नेहमीची आहे. पण मावशी रक्त पातळ ठेवण्यासाठी वॉरफरिन घेते. गोजीमुळे वॉरफरिनचा परिणाम वाढून रक्तस्रावाचा धोका निर्माण झाल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. म्हणून गोजी तिच्यासाठी पूर्ण वर्ज्य. शेवंतीचंही मी तिला सांगितलं, आधी तुझ्या डॉक्टरांना विचार, मगच मी फुलं देते. पुढच्या तपासणीला जाताना तिने पाकिटावरचं नाव कागदावर लिहून बरोबर नेलं आहे.