पद्मिनीच्या पट्ट्या आणि खारी हवा

रत्नागिरीत भाट्याजवळ राहून जुनी प्रीमियर पद्मिनी सांभाळायची, तर पत्र्याच्या गंजाइतकीच दारांवरच्या चकचकीत धातूच्या पट्ट्यांची काळजी घ्यावी लागते. दर पावसाळ्यानंतर त्यांच्यावर पांढरी बुरी आणि बारीक खड्डे दिसायचे. मेटल पॉलिश कितीही घासलं तरी फरक पडेना, म्हणून यंदा दिवाळीनंतर मुळापासून काम काढलं.

बंपरला चुंबक चिकटला, पट्टीला नाही. पण काही स्टेनलेसलाही तो चिकटत नाही. म्हणून पट्टीच्या मागच्या बाजूला कॉस्टिक सोड्याच्या पाण्याचा थेंब ठेवला. थोडा वेळ काहीच नाही, मग बुडबुडे सुटले. म्हणजे अॅल्युमिनियम, आणि तेही अॅनोडाइज केलेलं, म्हणजे विजेच्या प्रक्रियेने वर कडक थर चढवलेलं. तो थर विरघळेपर्यंतच बुडबुडे थांबले होते. हा थर अॅल्युमिनियम ऑक्साइडचा असतो. माणिक आणि नीलम ज्या द्रव्याचे, तेच हे. पॉलिशने तो हलणार कसा?

मिरजोळे एमआयडीसीत बफिंग, म्हणजे फिरत्या कापडी चाकावर धातूला चकाकी आणायचं काम, करणाऱ्या काकांना पट्टी दाखवली. ते म्हणाले, "आधी थर उतरवा, मग माझ्याकडे या. आणि पट्टी सुटी आणू नका, चाकात अडकली की वाकलीच म्हणून समजा."

थर अंगणातच उतरवला. हातमोजे, चष्मा, प्लास्टिकची बादली. सोडा पाण्यात टाकायचा, सोड्यावर पाणी कधीच ओतायचं नाही. यातून हायड्रोजन निघतो, तेव्हा जवळपास विडीसुद्धा नको. पट्टी करडी पडली की लगेच भरपूर पाण्याने धुतली. जास्त वेळ ठेवली तर सोडा धातूच खातो. मग लाकडी रिपेवर ती पक्की बसवून ओल्या पॉलिश कागदाने (सँडपेपरने) घासली: खड्डे होते तिथे 400 नंबरचा, मग क्रमाने बारीक होत जाणारे 600, 1000, 2000. आधीच्या नंबरचे ओरखडे पूर्ण गेल्याशिवाय पुढचा कागद घेतला नाही. सगळा वेळ इथेच जातो, आणि तो द्यावाच. बफिंग काकांनी पटकन केलं. फडकं काळं होत राहतं, ते धातूचंच असतं. त्याला मळ समजून घासत बसू नये.

आरशासारखी चकाकी मी मुद्दामच करून घेतली नाही. जुन्या पट्ट्यांची चमक सौम्य असायची आणि या गाडीला तीच शोभते.

पट्टी काढल्यावर कळलं, सगळ्यात जास्त बुरी मागे, पोलादी क्लिपांभोवती होती. दोन वेगळे धातू आणि मध्ये अडकलेलं खारं पाणी, मग अॅल्युमिनियमच झिजतं. गंजलेल्या क्लिपा बदलल्या, नव्यांखाली प्लास्टिकचे वॉशर घातले, थोडं ग्रीस लावलं. अॅनोडायझिंग गेल्यामुळे आता धातू उघडा आहे, म्हणून वर कारनौबा मेण लावतो. किनाऱ्यावरून गाडी आली की गोड्या पाण्याने धुतो, पट्टीच्या वरच्या फटीत पाईप धरून, आणि मिरगाच्या आधी मेणाचा आणखी एक हात देतो.