टाचेला रेडिएशन, तेही कॅन्सर नसताना

जर्मनीत टाच दुखते म्हणून डॉक्टरकडे गेलात, इनसोल झाले, फिजिओ झाली, गोळ्या झाल्या आणि तरी फरक नाही, तर डॉक्टर अगदी सहज म्हणू शकतो की रेडिएशन घेऊन बघा. आपला माणूस ऐकूनच हबकतो. पण इथे टाचेचं वाढलेलं हाड, गुडघ्याची झीज, टेनिस एल्बो असल्या दुखण्यांवर हे कितीतरी वर्षं चालू आहे. दर वेळी ०.५ ते १ ग्रे (ग्रे म्हणजे रेडिएशनच्या डोसचं माप), एकूण ३ ते ६ ग्रे. कॅन्सरला हाच आकडा बऱ्याचदा ५० ते ७० ग्रे असतो.

मला यातली गंमत वाटते ती ही की थोडा डोस म्हणजे मोठ्या डोसचंच काम थोडंसं, असं नाहीये, कामच वेगळं होतं. मोठ्या डोसने सूज वाढते, कॅन्सरच्या पेशंटची कातडी लाल होते ते आपण बघतोच. आणि साधारण ०.३ ते ०.७ ग्रेला लॅबमध्ये उलटं दिसतं.

म्हणजे बघा, सूज येते तेव्हा रक्तातल्या पांढऱ्या पेशी रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तराला चिकटतात आणि मग फटीतनं बाहेर पडून दुखऱ्या जागी जातात. चिकटायला अस्तरावर ई-सिलेक्टिन नावाचं प्रोटीन लागतं, चालत्या लोकलचा दांडा म्हणा, तो हाताला लागला तर चढणार ना. कमी डोसनंतर हे दांडे कमी होतात, टीजीएफ-बीटा वाढतो, तो सूज आवरणाऱ्यांपैकी, आणि पेशी चिकटायचं प्रमाण घसरतं. दुसरीकडे मॅक्रोफेज, म्हणजे सूज पेटती ठेवणारी मंडळी, सूज वाढवणारं नायट्रिक ऑक्साइड कमी सोडायला लागतात. ते बनवणाऱ्या एन्झाइमचं प्रोटीन कमी होतं पण त्याचा आरएनए, म्हणजे ते प्रोटीन बनवायचा निरोप, तेवढाच राहतो, हे वाचून मी जरा थांबलेच, म्हणजे ऑर्डर निघतेय पण माल कमी बनतोय! आणि हे सगळं मुख्यतः आधीच खवळलेल्या पेशींत दिसतं, शांत बसलेल्यांना फारसा फरक पडत नाही.

आता एवढं छान दिसतंय तर पेशंटमध्ये पण तसंच व्हायला हवं ना? तिथेच गाडी अडते. नेदरलँड्समध्ये हाताच्या आणि गुडघ्याच्या झिजेवर खोटं रेडिएशन विरुद्ध खरं अशा ट्रायल झाल्या, पेशंटला कळतच नव्हतं आपल्याला कुठलं मिळालं, आणि फरक काही सापडला नाही. टाचेच्या जर्मन ट्रायलमध्ये मात्र ६ ग्रेवाले ०.६ ग्रेवाल्यांपेक्षा बरे निघाले. कोविडमध्ये फुप्फुसाला द्यायचे प्रयोगही झाले, दिल्लीच्या एम्समध्ये १० पेशंटना ०.७ ग्रे दिले होते, पण १० जणांवरून काय ठरवणार, आणि स्वित्झर्लंडमध्ये व्हेंटिलेटरवरच्या पेशंटना १ ग्रे देऊन फायदा दिसला नाही. दुखणं तसंही कमीजास्त होत राहतं, आणि मशीनखाली झोपल्यावर बरं वाटणं ही पण एक ताकदवान गोष्ट आहे, त्यामुळे खोट्या रेडिएशनशी तुलना नसेल तर मी तो दावा बाजूला ठेवते.

बरं, "कमी" हे कॅन्सरच्या मानाने. ०.५ ग्रे म्हणजे ५०० मिलिग्रे, एका सीटी स्कॅनला साधारण १० मिलिग्रेच्या आसपास. ब्रिटनमध्ये पूर्वी अँकिलोसिंग स्पॉन्डिलायटिसवर, म्हणजे पाठीचा कणा सुजून आखडतो त्या आजारावर, एक्सरेचे भरपूर शेक दिले जायचे, १९५७ मध्ये कोर्ट ब्राऊन आणि डॉल यांनी दाखवलं की त्या पेशंटमध्ये ल्युकेमिया, म्हणजे रक्ताचा कॅन्सर, वाढला होता. ते डोस आजच्यापेक्षा बरेच मोठे आणि पाठीच्या कण्यावर, म्हणजे थेट बोनमॅरोवर. टाचेजवळ तसं फारसं काही नाही, तरी इथले डॉक्टर तरुण पेशंटला शक्यतो देत नाहीत. सत्तरीच्या काकूंना कुणी सुचवलं तर मी विचार करा म्हणेन, तिशीतल्या धावपटूला आधी पोटरीच्या स्नायूंचं स्ट्रेचिंग नीट कर म्हणेन!