आईसाठी गेंटची मोहरी

८ ऑक्टोबर, मंगळवार. ब्रसेल्स

निघताना आईने फोनवर एकच सांगितलं, "नुसते फोटो दाखवू नकोस. तिथलं काहीतरी खायला आण. आणि चॉकलेट नको, ते आता आपल्याकडेही मिळतं." आई रत्नागिरीला असते, वय ७८. आता लांबचा प्रवास तिला झेपत नाही, पण खाण्याची चौकशी ती माझ्याहून बारकाईने करते. विमानात बसल्यापासून माझ्या डोक्यात तेच आहे. आठवडाभर बेल्जियमभर खायचं, आणि त्यातलं काय तिच्यापर्यंत पोचेल ते शोधायचं.

संध्याकाळी ग्राँ प्लासच्या चौकात उभे राहिलो. चहूबाजूंनी सोनेरी नक्षीची उंच घरं. १६९५ मध्ये फ्रेंच सैन्याने तोफा डागून हा चौक जवळजवळ जमीनदोस्त केला होता आणि इथल्या धंदेवाल्यांच्या संघांनी तो काही वर्षांतच पुन्हा उभा केला. एक घर बेकरांच्या संघाचं, एक बिअर गाळणाऱ्यांचं. पाव भाजणाऱ्यांनी राजवाड्याला शोभेल असं घर बांधावं आणि ते गावाच्या ऐन मध्यावर असावं, हे मला फार आवडलं.

रात्री फ्रितकोतवर, म्हणजे बटाटे तळून देणाऱ्या टपरीवर गेलो. नवरा शाकाहारी आहे आणि मी गाईचं खात नाही, म्हणून आधी चरबीची चौकशी केली. इथे बटाटा मुळात गाईच्या चरबीत तळायची रीत आहे आणि बऱ्याच ठिकाणी ती आजही पाळतात. आपल्याकडच्या माणसांनी हे विचारून घ्यायलाच हवं. तिसऱ्या टपरीवर वनस्पती तेल मिळालं. बटाटा जाडसर कापलेला आणि दोनदा तळलेला: आधी मंद तेलात आतून शिजेपर्यंत, मग गार करून कडक तेलात. कागदाच्या कोनात वरून मेयोनेज. पाचेक मिनिटांत कुरकुरीतपणा उतरायला लागतो, म्हणून सगळे रस्त्यातच उभ्याने खातात. हे काही रत्नागिरीला जायचं नाही.

९ ऑक्टोबर, बुधवार. ब्रसेल्स

आज अँडरलेख्तमध्ये काँतियाँची जुनी ब्रूअरी बघितली. १९०० साली सुरू झालेली. इथे लॅम्बिक नावाची बिअर करतात आणि तिच्यात यीस्ट घालतच नाहीत. गहू आणि सातूचा उकळलेला रस माळ्यावरच्या रुंद, उथळ तांब्याच्या हौदात ओततात आणि रात्रभर उघडा ठेवतात. हवेतलं जे काय त्यात उतरेल, तेच त्याला आंबवतं. म्हणून हे काम थंडीच्याच महिन्यांत. उन्हाळ्यात नको ते जंतू शिरतात. मग तो रस लाकडी पिंपांत वर्ष-वर्ष पडून राहतो. एक, दोन आणि तीन वर्षांचं लॅम्बिक एकत्र केलं की बाटलीत ते पुन्हा फसफसतं, ती ग्यूझ. पिंपांवरची कोळिष्टकं मुद्दाम काढत नाहीत, कारण कोळी माश्या-चिलटं धरतात.

मला सारखी माडी आठवत होती. माडावर मडकं बांधलं की तिलाही कोणी विरजण लावत नाही. ग्यूझचा पहिला घोट इतका आंबट की जबडा आवळला. दुसऱ्या घोटाला ओल्या लाकडाचा आणि सफरचंदाच्या सालीचा वास यायला लागला. माझे वडील असते तर त्यांनी तो पेला शेवटपर्यंत हातातून सोडला नसता.

१० ऑक्टोबर, गुरुवार. गेंट

आजचं नीट लिहून ठेवायचं आहे.

ब्रसेल्सहून अर्ध्या तासाची गाडी. गेंट सुंदर आहे, पण ते नटून बसलेलं नाही. माणसं सायकलवरून भाजी घेऊन जात असतात आणि मागे बाराव्या शतकातला किल्ला असतो. लेई नदीच्या काठाला एका बाजूला ग्रासलेई आणि समोर कोरेनलेई, म्हणजे धान्याचा धक्का. मध्ययुगात या नद्यांवरून जाणाऱ्या धान्याचा एक वाटा गेंटला उतरवावाच लागे. शहराचं पोट असं भरलेलं होतं, म्हणूनच ते राजांशी भांडू शकलं. पाचवा चार्ल्स १५०० साली इथेच जन्मला आणि १५४० मध्ये कर नाकारला म्हणून त्याच सम्राटाने गावच्या प्रमुखांना गळ्यात फास अडकवून आपल्यासमोर चालायला लावलं. गेंटची माणसं आजही स्वतःला 'फासवाले' म्हणवून घेतात, अभिमानाने.

नवऱ्यासाठी आजचा वार चांगला निघाला. २००९ पासून गेंटने गुरुवार हा शाकाहाराचा वार ठरवला आहे. आपल्याला गुरुवार पाळणं नवीन नाही, पण खाटकांच्या पंधराव्या शतकातल्या भल्यामोठ्या बाजारघराशेजारी बसून त्याने पोटभर शाकाहारी जेवण जेवावं, याचा मला मनापासून आनंद झाला.

मी मात्र वॉटरझोई घेतली. मुळात ही नदीतल्या माशांची. आता बहुतेक कोंबडीची करतात. लीक, गाजर, सेलरीचा कंद, बटाटा, त्यावर कोंबडीचं पाणी आणि शेवटी साय आणि अंड्याचा पिवळा बलक. बलक घातल्यावर उकळी येऊ द्यायची नाही, नाहीतर तो फुटतो. आपण कढीला जपतो तसंच. ना तिखट ना मसाला, पण एकेक भाजी आपल्या चवीनिशी शाबूत होती. माझ्या जिभेला मसाल्याआधी भाजीची चव शोधायची सवय नाही, हे मला त्या वाडग्यापाशी नीट कळलं. मी हळू खाल्लं. शेवटचा रस पावाने पुसून घेतला.

जेवून ग्रुंटेनमार्क्टमध्ये, म्हणजे जुन्या भाजी बाजारात आलो. तिथे हातगाडीवर क्युबरडॉन विकतात: जांभळट, नाकाच्या आकाराचे गोळे. गावात त्यांना 'नाकं'च म्हणतात. बाहेरून डिंकाचं टणक कवच आणि आत रासबेरीचा पाक. दात लागला की पाक एकदम जिभेवर येतो. आईला हे दिलं तर ती लहान मुलीसारखी हसेल असं वाटलं, म्हणून एक पुडा मागितला. विकणाऱ्या बाईंनी आधी विचारलं, कधी खाणार? तीनेक आठवड्यांत आतला पाक साखर धरतो आणि मग त्यात काही राम राहत नाही. म्हणूनच हे गोळे देशाबाहेर फारसे जात नाहीत. रत्नागिरीच्या दमट हवेत तर आठवडाही निघणार नाही. पुडा घेतला, पण आमच्यापुरता.

आणि मग त्याच चौकात टिरंटेनचं मोहरीचं दुकान. १७९० पासूनचा धंदा. लाकडी फडताळं, चिनी मातीच्या बरण्या आणि मधोमध एक लाकडी पिंप. त्यात डाव घालून मोहरी काढतात आणि बरणीत भरून देतात. दुकानात शिरले आणि नाकात झणका गेला. थेट भुवयांच्या मध्ये. मला दुकान दिसेनासंच झालं. दिसली ती आई, पाटावर बसून मोहरी फेसणारी.

ज्यांच्या घरी मोहरी फेसतात त्यांना हे सांगायला नको. मोहरी कोरडी असताना तिला वास नसतो. ती वाटून तिला पाणी लागलं की आतले दोन निरनिराळे घटक एकमेकांना भेटतात आणि मग तो झणका तयार होतो. उष्णतेने तो मरतो. म्हणून आई फेसलेली मोहरी कधी गरम पदार्थात घालत नाही. भोपळ्याचं भरीतही आधी पूर्ण गार करते. "नाकात चढली नाही तर फेसली कशाला?" हे तिचं वाक्य. इथली मोहरीही अशीच, शिजवलेली नाही, टिकवायला काही घातलेलं नाही. थंड जागी ठेवा आणि फार दिवस ठेवू नका, असं बजावून देतात. सव्वादोनशेहून जास्त वर्षं या दुकानाने तोच झणका राखला आहे, आणि आमच्या घरात तो आजीकडून आईकडे आला. माझ्याकडे अजून आलेला नाही. मी मिक्सरमध्ये करते आणि तो चढत नाही.

एक बरणी घेतली. मोठी.

११ ऑक्टोबर, शुक्रवार. ब्रूज

घंटाघराच्या ३६६ पायऱ्या चढून उतरल्यावर पाय थरथरत होते. गाव चित्रातल्यासारखं आहे आणि गर्दीही तितकीच. दुपारी मासळी बाजारात जरा श्वास घेतला: दगडी खांबांच्या ओळीखाली दगडी ओटे, १८२१ सालचे. उत्तर समुद्रातली राखाडी कोळंबी बघितली. आपल्या करंदीएवढीच, पण चवीला गोडसर. तिची क्रोकेट खाल्ली, बाहेरून कडक आणि आतून वाहती, सोबत तळलेली पार्सली आणि लिंबू. पश्चिमेला ओस्टडाउनकेर्के गावी काही मच्छीमार आजही घोड्यावर बसून छातीभर पाण्यात जाळं ओढत ही कोळंबी धरतात. ते बघायला वेळ नव्हता. त्यासाठी पुन्हा यायचं आहे.

१२ ऑक्टोबर, शनिवार. अँटवर्प

ब्रूजकडे येणारा खाडीचा रस्ता गाळाने भरत गेला आणि व्यापार अँटवर्पला सरकला. १५०१ मध्ये पोर्तुगीजांची मिरी घेऊन जहाजं इथे लागायला लागली. ती मिरी आपल्याच पश्चिम किनाऱ्याची, खाली मलबारची. धक्क्यावर उभी राहून मी पाण्याकडे बराच वेळ बघत होते. कोकणातल्या पोफळीवर चढलेला मिरवेल डोळ्यांपुढे होता. ज्या दाण्यासाठी त्यांनी आफ्रिकेला वळसा घातला, तो आमच्या परसात अजून आई हाताने खुडते.

बेकरीत स्पेक्युलोस घेतली. दालचिनी, लवंग, जायफळ, सुंठ. लाकडी साच्यात उठवलेली पातळ खुसखुशीत बिस्किटं. डिसेंबरच्या ६ तारखेला संत निकोलसच्या सणाला ती मुलांना देतात. एकेकाळी एवढा मसाला पिठात घालणं हा केवढा थाट असेल!

इथली दुसरी खूण म्हणजे हाताच्या पंजाच्या आकाराची बिस्किटं आणि चॉकलेटं. गोष्ट अशी सांगतात की नदीवर एक राक्षस जकात घ्यायचा आणि न देणाऱ्याचा हात तोडायचा; शेवटी ब्राबो नावाच्या वीराने त्याचाच हात तोडून नदीत फेकला. बिस्किटं १९३४ पासूनची आणि त्यांचा संबंध या गोष्टीशीच. पण बेल्जियमचा राजा लिओपोल्ड दुसरा याच्या ताब्यातल्या काँगोत, १८८५ ते १९०८ या काळात, रबरासाठी माणसांचे हात तोडले गेले, आणि ते रबर याच बंदरात उतरत होतं. हे ठाऊक असताना तो चॉकलेटचा पंजा माझ्याच्याने तोंडाजवळ नेववला नाही. इथे मनापासून जेवते आहे, म्हणून हेही लिहून ठेवायला हवं.

१३ ऑक्टोबर, रविवार. लिएज

म्यूज नदीकाठी रविवारचा ला बात बाजार. कोंबड्या, चीज, फुलं, आरडाओरडा. आठवडी बाजाराला आल्यासारखं घरचं वाटलं. एर्वचं चीज घेतलं. त्याचा वास सुकटीच्या डब्याच्या तोडीचा; नवरा चार पावलं लांब जाऊन उभा राहिला. पण पावावर ते आणि त्यावर लिएजचं सिरोप लावलं की जमतं. सिरोप म्हणजे नाशपाती आणि सफरचंदाचा रस तासन्‌तास आटवलेला. काळा, दाट, हुबेहूब काकवी.

वाफल इथे खावं. ब्रसेल्सचं हलकं आणि चौकोनी; हे जाड, यीस्टच्या पिठाचं, आणि त्यात साखरेचे खडे. खडे तव्याला लागून जळतात आणि कडेला कॅरमेल होतं. हातात धरवत नाही इतकं गरम असतानाच चांगलं. टिकणाऱ्यातलं हेही नव्हे.

१४ ऑक्टोबर, सोमवार. दिनाँ

कड्याखाली चिकटलेलं लहानसं गाव. १४६६ मध्ये बर्गंडीच्या सैन्याने ते जाळलं आणि ऑगस्ट १९१४ मध्ये जर्मन सैन्याने इथल्या ६७४ नागरिकांना मारलं.

इथलं कूक द दिनाँ हे बिस्किट फक्त पीठ आणि मध. लाकडी साच्यात दाबून कडक भट्टीत भाजतात. गार झालं की दगड. लोक सांगतात, १४६६ च्या वेढ्यात गावात दोनच गोष्टी उरल्या होत्या, पीठ आणि मध, आणि त्यातून हे निघालं. दंतकथा असेल, पण या गावात ती सहज पटते. चावायचं नाही, तुकडा मोडून तोंडात धरायचा किंवा कॉफीत बुडवायचा. कितीही दिवस टिकतं. माशाच्या आकाराचं एक आईसाठी घेतलं.

१९ ऑक्टोबर, शनिवार. रत्नागिरी

मोहरीची बरणी हातातल्या बॅगेतून नेऊ देत नाहीत, म्हणून मोज्यांत आणि स्वेटरात गुंडाळून मोठ्या बॅगेत घातली होती. धडपणे आली.

आईने कूकचा मासा आधी उलटसुलट करून बघितला, साच्याची नक्षी बोटाने चाचपली, मग शेपटीचा तुकडा मोडून चहात टाकला. "मध चांगला आहे," म्हणाली. क्युबरडॉनचं सांगितलं तर म्हणाली, "ते तू खाल्लंस ना, मग झालं."

मग बरणी उघडली. चमच्याच्या टोकावर मोहरी घेऊन नाकाशी नेली आणि झटकन मान मागे घेतली. डोळ्यांत पाणी आलं होतं.

"हिंग नाहीये यात," ती म्हणाली. जरा थांबून, "पण फेसलीय चांगली. कोणी फेसली?"

मी पिंपाचं, डावाचं, दुकानाचं सगळं सांगितलं. ती ऐकता ऐकता उठली आणि विळी काढून काकडी चोचवायला बसली. चार काकड्या झाल्यावर कोरड्या मोहरीची वाटी आणि पाण्याचं भांडं माझ्यापुढे सरकवलं.

"ही फेस बघू. मिक्सर नको. हाताने."