ब्लॅक लिकरपासून कार्बन डायऑक्साइड धरणारा कोळसा: माझा अनुभव

कागदासाठी क्राफ्ट पद्धतीने, म्हणजे कॉस्टिक सोडा आणि सोडियम सल्फाइडच्या द्रावात, लाकूड शिजवून लगदा वेगळा काढला की उरणारा काळा द्रव म्हणजे ब्लॅक लिकर. कारखाने तो आटवून, उष्णता आणि रसायनं परत मिळवायला, रिकव्हरी बॉयलरमध्ये जाळतात, म्हणून त्याला टाकाऊ म्हणणं अर्धंच खरं. पण बॉयलर क्षमतेच्या टोकाला चालत असेल तर त्यातलं थोडं लिग्निन (लाकडातले तंतू बांधून ठेवणारा पदार्थ) काढून घेतलेलं कारखान्यालाही सोयीचं पडतं. त्या लिग्निनचा सक्रिय, म्हणजे अतिसूक्ष्म छिद्रांचा, कोळसा करून त्यात कार्बन डायऑक्साइड धरायचा, हे काम आम्ही प्रयोगशाळेत केलं. चर्चा सगळी भट्टीची होते. निकाल मात्र बराचसा त्याआधी, गाळण्या-धुण्यातच लागलेला असतो.

लिकर निवडताना पहिला प्रश्न सिलिकाचा. उसाची चिपाडं, गव्हाचं काड किंवा बांबूच्या लिकरमध्ये सिलिका भरपूर असते आणि पीएच १० कडे उतरला की ती लिग्निनबरोबरच खाली बसते. गाळणी तुंबते, आणि पुढे कोळसा सक्रिय करताना हीच सिलिका पोटॅशही (पोटॅशियम हायड्रॉक्साइड) खाते. निलगिरी किंवा सुबाभळीचं लिकर मिळत असेल तर तेच घ्यावं.

इव्हॅपोरेटरच्या (लिकर आटवणाऱ्या यंत्राच्या) मधल्या टप्प्यावरचं, ३० ते ४० टक्के घनभागाचं १ लिटर लिकर दुप्पट मोठ्या भांड्यात घेतो, कारण फेस फार येतो. ७० अंश सेल्सियसला संथ ढवळत कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे सोडायचे. पीएच १३ च्या आसपास असतो, तो १० वर आणायचा. तापमान कमी राहिलं तर कण इतके बारीक पडतात की गाळण होतच नाही. फार चढलं तर लिग्निन मऊ होऊन ढवळणीला गोळा चिकटतो. गरम आणि सोडियमने भरलेल्या द्रवात पीएच मीटर भरकटतो, म्हणून नमुना थंड करून ताडून पाहावा. पीएच आला की अर्धा तास तसंच ढवळत ठेवायचं, कण वाढतात.

गाळलेला केक, म्हणजे गाळणीवर उरलेला लिग्निनचा थर, साध्या पाण्याने धुवायचा मोह होतो. तो टाळावा. कडेचं मीठ निघून जातं, पीएच अजून चढाच असतो आणि लिग्निन पुन्हा विरघळून गाळणीत चिकट थर करतं. केक सौम्य सल्फ्युरिक ॲसिडमध्ये, पीएच २ ते ३ वर, पुन्हा कालवायचा, मग गाळायचा आणि आम्लयुक्त पाण्यानेच धुवायचा. याच पायरीला हायड्रोजन सल्फाइड सुटतो. वायू ओढून घेणारा हूड चालू हवा आणि गॅस डिटेक्टर अंगावर हवा. नाकावर विसंबू नये, कारण जास्त प्रमाणात हा वायू वास घेण्याची शक्तीच मारतो. राख १ टक्क्याच्या खाली आली की लिग्निन पुढे न्यायला हरकत नाही. १ लिटरमागे ७० ते ९० ग्रॅम कोरडं लिग्निन हाती लागतं.

भट्टीत लिग्निन आधी वितळतं आणि दुधासारखं उतू जातं. बोट (भट्टीत ठेवायची लांबट वाटी) पाव भागच भरायची आणि ३०० अंशांपर्यंत मिनिटाला १ ते २ अंश इतकंच चढवायचं. पुढे नायट्रोजनमध्ये ५०० अंशांवर तासभर. वजनाने निम्म्याहून थोडा कमी कोळसा उरतो.

आता सक्रियीकरण. कोळशाच्या दुप्पट वजनाचं पोटॅशियम हायड्रॉक्साइड घेतो. बाजारातल्या गोळ्यांत साधारण १५ टक्के पाणी असतं, तेवढं वजन वाढवून धरावं. निकेलची बोट वापरावी. क्वार्ट्झच्या बोटीला पोटॅश खाऊन टाकतं. ६५० ते ७०० अंशांवर १ तास. इथे कोळसा खाल्ला जाऊन छिद्रं पडतात, हायड्रोजन निघतो आणि पोटॅशियम कार्बोनेट तयार होतं. नळीच्या थंड टोकाला धातुरूप पोटॅशियम साचू शकतं, म्हणून पूर्ण थंड झाल्यावरच उघडायचं, आधी इथेनॉलने भिजवायचं, पाणी नंतर. धुताना आधी पाणी, मग १ मोलर हायड्रोक्लोरिक ॲसिड. क्रम उलटला तर उरलेली सिलिका जेल होऊन छिद्रांत बसते. शेवटी गरम पाणी, धुतलेल्या पाण्यात सिल्व्हर नायट्रेटने गढूळपणा (म्हणजे उरलेलं क्लोराइड) दिसणं थांबेपर्यंत.

८०० अंश आणि चौपट पोटॅश वापरलं की पृष्ठफळाचा आकडा डोळे दिपवतो, पण कार्बन डायऑक्साइड कमी धरला जातो. साध्या दाबाला उपयोगी पडतात ती ०.८ नॅनोमीटरहून अरुंद छिद्रं. जास्त तापवलं की तीच रुंदावतात. बऱ्या कोळशाकडून २५ अंश आणि १ बारला ग्रॅमला ३.५ ते ४ मिलिमोल, म्हणजे १५४ ते १७६ मिलिग्रॅम, पकड अपेक्षित धरावी. शोधनिबंधात ० अंशाचा आकडा ठळक असेल तर सावध वाचावं, थंडीत पकड जास्त दिसते. बॉयलरच्या धुरात कार्बन डायऑक्साइड १५ टक्क्यांच्या आसपास असतो. त्या दाबाला पकड १ मिलिमोलच्या घरात येते, म्हणजे किलोमागे एका फेरीत ४४ ग्रॅम. ओला धूर असेल तर त्याहून कमी. मोजण्याआधी नमुना निर्वातात १५० अंशांवर रात्रभर ठेवावा, नाहीतर छिद्रांतलं पाणी निकाल खातं.

कोळसा वायू धरतो, साठवत नाही. १०० अंशांच्या आसपास तापवला की सोडून देतो. सुटलेला वायू पुढच्या लिकरमध्ये सोडता येतो, पण तो सोडियम कार्बोनेट होऊन कारखान्याच्या चुन्याच्या चक्रात (जिथे चुना वापरून कॉस्टिक सोडा परत मिळवतात) शिरतो आणि चुनाभट्टीतून पुन्हा बाहेर पडतो. याच चक्रातला चुन्याचा गाळही इथे निरुपयोगी, तो आधीच कॅल्शियम कार्बोनेट असतो. कायमचं बांधायला मोकळा चुना (कॅल्शियम ऑक्साइड) असलेली राख लागते: सालीच्या बॉयलरची किंवा शाई काढलेल्या कागदाच्या गाळाची. ५६ ग्रॅम मोकळा चुना ४४ ग्रॅम वायू बांधू शकतो. राख नुसती ओलसर ठेवावी. कोरडीत क्रिया चालत नाही, चिखल झाला तर वायू आत शिरत नाही. खड्यांवर कार्बोनेटचं कवच चढून आतला चुना तसाच राहतो, म्हणून राख आधी बारीक चाळावी आणि नंतर खडा फोडून आत फिनॉल्फ्थॅलिनचा थेंब टाकून पाहावा. गुलाबी झाला तर राख पुन्हा दळायला घ्यावी.