लग्नपत्रिकांचा लॅपटॉप आणि ३००१८

सोमवार, रात्र

सांगलीच्या विश्रामबागेतल्या छापखान्याचा लॅपटॉप दुरुस्तीला टेबलावर, विंडोजचं अपग्रेड अडकतंय म्हणून. नवाकोरा, पामरेस्टवरचं स्टिकरसुद्धा अजून निघालेलं नाही. पण दुकानात बरेच महिने पडून असणार, कारण रनमध्ये 'विनव्हर' टाकल्यावर विंडोज ११ ची २३एच२ ही जुनी आवृत्ती दिसते, बिल्ड २२६३१. होम एडिशनसाठी या आवृत्तीचे सुरक्षा-अपडेट ११ नोव्हेंबर २०२५ ला बंद झाले. म्हणजे २५एच२ या नव्या आवृत्तीवर जाणं भाग आहे.

मशीनवर २४एच२ असती तर चहा होईपर्यंत काम उरकलं असतं. २४एच२ आणि २५एच२ आतून एकच आहेत, मधलं छोटं पॅकेज फक्त झाकून ठेवलेल्या गोष्टी चालू करतं आणि एका रीस्टार्टमध्ये सुटका होते. २३एच२ वरून मात्र अख्खी विंडोज बदलते. जुनी 'विंडोज.ओल्ड' फोल्डरमध्ये गुंडाळून ठेवायची, नवी मांडायची, मग प्रोग्रॅम, ड्रायव्हर (एकेक हार्डवेअर चालवणारं छोटं सॉफ्टवेअर) आणि फायली तिच्यात आणायच्या. अडतं ते या आणण्यात.

लक्षण असं: डाउनलोड नीट होतं, रीस्टार्ट होतं, टक्केवारी चढायला लागते. पावसाळ्यात आयर्विन पुलाशी कृष्णेची पातळी बघावी तसं बघत बसायचं. मग स्क्रीन एका आकड्यावर थिजते, मशीन आपणहून रीस्टार्ट होतं, बदल मागे घेतल्याची ओळ येते आणि पुन्हा तीच २३एच२. तीनदा झालंय म्हणे. मालकांचं म्हणणं, "फॉरमॅट मारून टाका की ओ, लग्नसराई तोंडावर आलीय."

फॉरमॅट नको. मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर, पत्रिकांचे साचे, प्रिंटरचं रंगाचं सेटिंग, सगळं पुन्हा लावण्यात दोन दिवस जातील. आणि ज्या ड्रायव्हरने आज अडवलंय तोच परत टाकला, तर पुढच्या वर्षी पुन्हा हेच.

आज एवढंच केलं: रिकव्हरी की लिहून घेतली. मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन केलेल्या नव्या लॅपटॉपवर डिव्हाइस एन्क्रिप्शन (अख्ख्या डिस्कला लागलेलं कुलूप) बहुतेक वेळा आपोआप चालू झालेलं असतं आणि मालकाला त्याचा पत्ता नसतो. बायोसमध्ये (विंडोजच्या आधीच्या सेटिंगमध्ये) सिक्युअर बूट किंवा टीपीएम या सुरक्षेच्या गोष्टींना हात लागला की निळा पडदा ४८ आकडी की मागतो, सहा-सहा आकड्यांचे आठ गट. ती नसेल तर डिस्कवरचा एकही फोटो हाती लागत नाही. की खात्याच्या वेबसाइटवर, डिव्हाइसच्या पानावर असते. मालकांना आधी ते खातंच आठवेना. दुकानदाराने बिल करताना मुलाच्या मोबाइलवर उघडून दिलं होतं. शेवटी मुलाकडून पासवर्ड आला, की छापून पाकिटात घातली आणि पाकीट मालकांच्या हातात दिलं. लॅपटॉपच्या बॅगेत ठेवू नका म्हणून सांगितलं, बॅग गेली तर दोन्ही जातील.

मंगळवार

सेटिंग्जमध्ये विंडोज अपडेट, त्यात अपडेट हिस्टरी. तिथे कोड: ०एक्ससी१९००१०१ – ०एक्स३००१८.

हा कोड दोन तुकड्यांत वाचायचा. पहिला तुकडा जवळजवळ नेहमी ड्रायव्हरकडे बोट दाखवतो, पण कोणता ते सांगत नाही. दुसऱ्या तुकड्याचा पहिला आकडा म्हणजे टप्पा. १ असेल तर अजून जुनी विंडोजच चालू होती, २ म्हणजे मधली, फक्त अपग्रेडपुरती छोटी सेफ ओएस, ३ म्हणजे नव्या विंडोजचं पहिलं बूट, ४ म्हणजे दुसरं. शेवटचे १८ म्हणजे सिसप्रेपचं, नवी विंडोज या मशीनसाठी तयार करण्याचं काम. थोडक्यात, नवी विंडोज पहिल्यांदा उठली, हार्डवेअर ओळखत बसली आणि एका ड्रायव्हरने उत्तरच दिलं नाही. कोड ०एक्स८००७००७० असता तर सी ड्राइव्हवर जागा कमी, एवढंच.

मग लॉग, म्हणजे सेटअपने काय काय केलं त्याची नोंदवही. सी ड्राइव्हच्या मुळाशी डॉलर चिन्हाने सुरू होणारं 'विंडोज.~बीटी' हे लपलेलं फोल्डर असतं. त्यात सोर्सेस, सोर्सेसमध्ये रोलबॅक, आणि रोलबॅकमध्ये 'सेटअपएपीआय.डेव्ह.लॉग'. फाइल हजारो ओळींची. वरून वाचायला बसलं तर डोळे जातात, म्हणून थेट तळाशी जायचं. प्रत्येक ड्रायव्हरचा भाग '>>>' ने उघडतो आणि '<<<' ने मिटतो. ओळीच्या सुरुवातीला एक उद्गारचिन्ह म्हणजे इशारा, तीन उद्गारचिन्हं म्हणजे खरी चूक. इथे सगळ्यात शेवटचा भाग उघडलाय आणि मिटलेलाच नाही. वाक्य अर्धवट सोडून कुणी उठून जावं तसा. त्यात नाव आहे 'ओईएम२७.आयएनएफ'.

आता हा २७ नंबर कोणाचा? ॲडमिन म्हणून टर्मिनल उघडून 'पीएनपीयुटिल', स्पेस, स्लॅश, 'एनम-ड्रायव्हर्स'. बाहेरून आलेल्या सगळ्या ड्रायव्हरची यादी मिळते, प्रत्येकाचं मूळ नाव, पुरवठादार आणि तारखेसकट. २७ समोर तारीख २००९ ची. नव्या लॅपटॉपमध्ये २००९ सालचा ड्रायव्हर!

तो मराठी टायपिंगच्या डोंगलचा निघाला, म्हणजे ते सॉफ्टवेअर चालायला कॉम्प्युटरला लावायच्या किल्लीचा. जुन्या विंडोज ७ च्या मशीनवरचीच सीडी इथे चालवली होती. दुसरा पुरावाही सापडला: विंडोज सिक्युरिटीत डिव्हाइस सिक्युरिटी, कोअर आयसोलेशन, तिथे मेमरी इंटिग्रिटी (संशयास्पद ड्रायव्हर अडवणारी सुरक्षा) बंद. नव्या मशीनवर ती सहसा चालूच येते. जुना ड्रायव्हर ती चालू असताना लोड होत नाही, म्हणून कुणीतरी ती बंद करून डोंगल 'चालवून' दिलं. डोंगल चाललं, अपग्रेड अडकलं.

बुधवार

आधी डोंगल काढून बाजूला. प्रिंटर, कार्ड रीडर, पेन ड्राइव्ह सगळं सोडवलं, फक्त माउस आणि चार्जर. टायपिंगचं सॉफ्टवेअर त्याच्याच अनइन्स्टॉलरने काढलं (सिरीयल नंबर आधी वहीत). अनइन्स्टॉलर ड्रायव्हर मागे ठेवतोच, म्हणून 'पीएनपीयुटिल', स्लॅश 'डिलीट-ड्रायव्हर', 'ओईएम२७.आयएनएफ', स्लॅश 'अनइन्स्टॉल'. इथे नंबर दोनदा तपासायचा. चुकून टचपॅड किंवा वायफायचा ड्रायव्हर उडाला की नवीन गाणं सुरू. लॅपटॉपबरोबर फुकट आलेला महिनाभराचा अँटिव्हायरसही काढला. आपला दोषी तो नव्हता, पण अपग्रेडच्या वेळी तो मध्ये नसलेलाच बरा.

विंडोज अपडेटच्या भरवशावर चौथ्यांदा बसण्यापेक्षा आयएसओ घेतली, म्हणजे अख्खी विंडोज एकाच फाइलमध्ये. फाइल ५ जीबीच्या वर असते, त्यामुळे एफएटी३२ पद्धतीने फॉरमॅट केलेल्या पेन ड्राइव्हवर कॉपी होत नाही, त्यावर एका फाइलची मर्यादा ४ जीबी. एक्सफॅट किंवा एनटीएफएस चालतं, कारण इथे पेन ड्राइव्हवरून बूट करायचंच नाही. आयएसओ डिस्कवर कॉपी करून डबल क्लिक, ती ड्राइव्हसारखी उघडते, मग 'सेटअप'.

गोची झाली ती इथे. 'फायली आणि ॲप्स ठेवा' हा पर्याय करडा, दाबताच येईना. कारण भाषा. आयएसओ घेतली इंग्लिश इंटरनॅशनल, मशीनची मूळ भाषा इंग्लिश युनायटेड स्टेट्स. दोन्ही इंग्रजीच, पण सेटअपच्या लेखी वेगळ्या. टर्मिनलमध्ये 'डिझम' (विंडोजचीच देखभालीची कमांड), स्लॅश 'ऑनलाइन', स्लॅश 'गेट-इंटल' टाकलं की डिफॉल्ट सिस्टिम यूआय लँग्वेज दिसते. हे डाउनलोडच्या आधी करायला हवं होतं, ५ जीबी वाचले असते. होम सिंगल लँग्वेज एडिशनची वेगळी आयएसओ शोधायची मात्र गरज नाही, नेहमीच्या आयएसओतच ती असते.

दुसऱ्या आयएसओने पर्याय उघडला. सेटअपच्या पहिल्या पडद्यावर 'अपडेट आत्ता नको' निवडलं, म्हणजे सेटअप मधेच नेटवरून नवे ड्रायव्हर ओढत बसत नाही. सी ड्राइव्हवर ४० जीबी मोकळे होते. २५ च्या खाली असते तर आधी साफसफाई केली असती. मध्ये लाइट गेली, राउटर बंद पडला, पण आयएसओ डिस्कवरच असल्याने सेटअपचं काही अडलं नाही.

दीड तासाने 'विनव्हर': २५एच२, बिल्ड २६२००.

गुरुवार

मेमरी इंटिग्रिटी पुन्हा चालू केली, एकही विसंगत ड्रायव्हर दाखवला नाही. डोंगलसाठी पुरवठादाराकडून विंडोज ११ चा ड्रायव्हर मागवला, तो आल्यावर आधी ड्रायव्हर, रीस्टार्ट, मग डोंगल. उलटं केलं की विंडोज स्वतःच्या मनाने काहीतरी जोडते.

जुन्या विंडोजवर परत जायची मुदत १० दिवस असते. छपाईचं काम दहा दिवसांत पारखून होत नाही, म्हणून 'डिझम'च्या 'सेट-ओएसअनइन्स्टॉलविंडो'ने ती ६० दिवस केली. 'विंडोज.ओल्ड' तोवर जागा खाणार, खाऊ दे. डिस्क क्लीनअपमध्ये ते फोल्डर उडवू नका, हे मालकांना दोनदा सांगितलं.

शेवटी एक पत्रिका उघडून बघितली. वर्डमधली, मंगल फाँटची. मजकूर सगळा होता, पण ओळी सरकलेल्या, आणि मुहूर्ताची ओळ, 'दुपारी १२ वाजून ३५ मिनिटांनी', एकटीच दुसऱ्या पानावर. मंगल या मशीनवर नव्हताच. विंडोज १० पासून तो सरसकट येत नाही, देवनागरीसाठी निर्मला येतो, आणि वर्डने मंगलच्या जागी दुसराच फाँट लावला होता. दोघांची उंची-रुंदी वेगळी, म्हणून ओळ ढकलली गेली. सेटिंग्ज, सिस्टिम, ऑप्शनल फीचर्स, त्यात 'देवनागरी सप्लिमेंटल फाँट्स'. मंगलबरोबर कोकिला, अपराजिता, उत्साह हेही येतात. वर्ड बंद करून पुन्हा उघडलं. मुहूर्त पहिल्या पानावर, स्वागतोत्सुकांच्या वर.