तुम्ही विचारलंत म्हणून: ‘गेटवरच तर उभं राहायचं होतं!’

‘अफगाणिस्तानपेक्षा तर बरंच ना गं? स्टेडियमच्या गेटवर उभं राहायचं, लोकांच्या पिशव्या बघायच्या. त्यात एवढं मनाला लावून घेण्यासारखं काय होतं?’

2012 च्या लंडन ऑलिंपिकला ब्रिटिश सैन्यातल्या माझ्या नवऱ्याची ड्यूटी गेटवर लागली, तेव्हापासून हा प्रश्न माझ्या मागे आहे. गावी गेले की मावश्या विचारतात, इथे इंग्लंडात गणपतीला जमलेली मराठी मंडळी विचारतात. 2024 मध्ये पॅरिस ऑलिंपिकच्या बंदोबस्ताला आपल्या केंद्रीय दलांची श्वानपथकं गेली, तेव्हा शाळेच्या ग्रुपवर त्यांचे फोटो आले आणि खाली लगेच माझं नाव: ‘तुझे मिस्टर पण होते ना लंडनला? मज्जा आली असेल!’ मी दर वेळी ‘हो, होते’ म्हणून विषय बदलते. आज बदलत नाही.

जे मान्य आहे ते आधी सांगून टाकते. हो, बरं होतं. 2012 च्याच उन्हाळ्याच्या तोंडाला नवरा अफगाणिस्तानातल्या हेल्मंडहून परत आला होता. तो तिकडे असताना दाराची बेल अवेळी वाजली की माझे हात गार पडायचे. तो लंडनला असताना मला रात्री झोप लागत होती. हा फरक मला कुणी समजावून सांगायला नको. पण फौजी माणसाच्या घरच्यांनी कसलीही तक्रार केली की लोक ती थेट मरणाच्या शेजारी नेऊन ठेवतात. मरणाच्या शेजारी ठेवलं तर काय बरं दिसणार नाही?

सुरक्षा नको होती असंही माझं म्हणणं नाही. लंडनला ऑलिंपिक मिळालं 6 जुलै 2005 ला, आणि दुसऱ्याच दिवशी भुयारी रेल्वेत आणि बसमध्ये स्फोट होऊन 52 माणसं गेली. म्युनिक ऑलिंपिकमध्ये 1972 ला इस्रायली खेळाडूंना ओलीस धरून मारलं, ते सगळ्यांना ठाऊक आहे. जे काम सैन्याशिवाय होत नाही, ते सैन्यानंच करावं. ग्रीनिचला थेम्समध्ये युद्धनौका नांगरली होती, पूर्व लंडनमधल्या एका निवासी इमारतीच्या गच्चीवर विमानविरोधी क्षेपणास्त्रं बसवली होती. त्याबद्दल माझं एका शब्दाचं भांडण नाही.

माझं भांडण त्या 3,500 माणसांबद्दल आहे. प्रेक्षकांची झडती, एक्स-रे मशीन, दारावरची तपासणी यासाठी एका खासगी कंपनीला कंत्राट दिलं होतं. तिनं 10,400 माणसं पुरवायची होती. उद्घाटन 27 जुलैला. जुलैचा दुसरा आठवडा उजाडला आणि कळलं, की कंपनीकडे पुरेशी माणसंच नाहीत. 13,500 सैनिक आधीच नेमलेले होते, त्यात हे 3,500 वाढवले, मग अगदी तोंडावर आणखी 1,200. एकूण 18,000 च्या वर गेले. त्या वेळी अफगाणिस्तानात असलेल्या ब्रिटिश फौजेच्या हे जवळजवळ दुप्पट होतं. आणि हे 3,500 मागवायच्या एकच आठवडा आधी सरकारनं जाहीर केलं होतं की नियमित सैन्य 1,02,000 वरून 82,000 वर आणायचं. म्हणजे एका आठवड्यात ‘तुम्ही जास्त झालात’ आणि पुढच्या आठवड्यात ‘तुम्हीच या’. आमच्या क्वार्टर्समध्ये त्या दिवसांत काय वातावरण होतं, ते मी शब्दांत कसं सांगू!

मला हे टीव्हीवरून कळलं. पलटणीतून निरोप यायच्या आधी बातम्यांत आकडा आला. मी नवऱ्याकडे बघितलं, तो म्हणाला, ‘आपण नसू.’ आपण होतो.

आता यातलं जे मी कुणालाच नीट सांगितलेलं नाही, ते.

आमचं लग्न इथेच रजिस्टर झालं. माझे वडील, आबा, मराठा लाइट इन्फंट्रीतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. त्यांनी पुढे बराच काळ माझ्याशी बोलणं टाकलं होतं. शेवटी त्यांनी मान हलवली ती एका गोष्टीवर, की गोरा असला तरी जावई शिपाई आहे. पण जावई गावी आला नव्हता. कधी त्याची ट्रेनिंग, कधी माझी बाळंतपणं, मग हेल्मंड. 2012 ला अधिक भाद्रपद आला, ऑगस्टच्या मध्यापासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत. आईनं फोनवर एवढंच सांगितलं, ‘या अधिकात जावयाला वाण द्यायचंय मला. घेऊन ये.’ त्याची ऑगस्टची रजा मंजूर होती, पोरांच्या शाळा बंद, तिकिटं काढली. आईनं साताऱ्याच्या सराफाकडून चांदीचं निरांजन आणलं. त्याच्या शर्टाचं माप मागवून घेतलं. तांदूळ भिजत घातले, रोज पाणी बदललं, सावलीत वाळवले, कुटले, गूळ घालून पीठ मुरत ठेवलं. तिला गुडघ्यांमुळे खाली बसवत नव्हतं, ती स्टुलावर बसून हे सगळं करत होती.

रजा रद्द झाली. ऑलिंपिक संपलं तरी त्याचं नाव पॅरालिंपिकच्या ड्यूटीला होतं, म्हणजे 9 सप्टेंबरपर्यंत सुटका नाही. मी पोरांना घेऊन एकटी गेले.

आई म्हणाली, वाण चुकवायचं नाही. तिनं 33 अनारसे तळले. खसखशीवर थापलेला अनारसा खसखशीची बाजू वर ठेवून तुपात सोडायचा आणि उलटायचा नाही, झाऱ्यानं वरून तूप उडवत राहायचं. ते मी तिच्या शेजारी उभी राहून बघत होते आणि आतून नुसती धुमसत होते. जावयाच्या पाटावर तिनं माझ्या थोरल्याला बसवलं. भावकीतली माणसं जेवायला होती. एका चुलत्यांनी विचारलं, ‘जावई कुटं हायेत?’ थोरला मोठ्या अभिमानानं म्हणाला, ‘ऑलिंपिक!’ चुलत्यांचे डोळे मोठे झाले. ‘खेळाय गेल्यात?’ मग मला सांगावं लागलं. गेटवर ड्यूटी आहे, लोकांना तपासून आत सोडायचं.

‘म्हंजे वॉचमन.’

त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं, त्यांनी ऐकलं तेच बोलून दाखवलं. पण आबा ताटावरून उठले. धोंड्याच्या जेवणात, भावकीसमोर, अर्ध्या ताटावरून. आमच्याकडे हे किती मोठं, ते मराठी माणसाला मी सांगायला नको.

मी मागोमाग अंगणात गेले. मला खरंतर नवऱ्याची बाजू घ्यायची नव्हती, मीच त्याच्यावर चिडलेली होते. पण तोंडातून तेच आलं. म्हटलं, ‘आबा, हुकूम होता.’

‘हुकूम म्हायताय मला. पस्तीस सालाच्या पोराला लढाईवरनं आणलाय, तर आधी घरी पाठवत्यात. मी हुकूम पाळणाऱ्याचं बोलत न्हाई. देणाऱ्याचं बोलतोय.’

एवढंच. पुन्हा या विषयावर ते बोलले नाहीत.

त्याच आठवड्यात नवऱ्याचा फोन आला. त्यांची राहायची सोय वॅपिंगमधल्या टोबॅको डॉक नावाच्या जुन्या गोदामात होती, कॅम्पखाटांच्या रांगा टाकून. मला वाटलं होतं, हा वैतागलेला असेल. तो खुशीत होता! लोक हात मिळवतात, लहान मुलं बरोबर फोटो काढून घेतात, एक आजी त्यांच्यासाठी घरून केक करून घेऊन आली. मेरी कोम उपांत्य फेरीत हरली आणि तिचं कांस्य नक्की झालं, त्या दिवशी त्याची ड्यूटी एक्सेलच्या, म्हणजे बॉक्सिंग चालू असलेल्या प्रदर्शन केंद्राच्या, दारावर होती. भारतीय प्रेक्षकांच्या पिशव्यांतून पाण्याच्या बाटल्या बाहेर काढायला लावताना तो त्यांना ‘नमस्कार’ म्हणत होता, आणि ते चकित होत होते, हे त्यानं मला दोनदा सांगितलं. सुरुवातीच्या दिवसांत काही सामन्यांना खुर्च्या रिकाम्या दिसायला लागल्या, तेव्हा मोकळ्या जवानांना बोलावून तिथे बसवलं होतं. तसा तोही एकदा बसून आला होता.

मी फोन ठेवला. तो तिकडे रिकामी खुर्ची भरत होता आणि इथे त्याचा पाट पोरगा भरत होता, हे त्याला सांगायला माझ्याच्यानं झालं नाही.

पैसे मिळाले. कुणाला पदरचं सोसावं लागणार नाही, असं सरकारनं सांगितलं होतं, आणि आमच्या तिकिटांची भरपाई खरोखर झाली. रजाही मिळाली, थंडीत, शाळा सुरू असताना. आई 2014 मध्ये गेली. पुढचा अधिक 2015 ला आला. त्या वेळी नवरा गावी आला, आबांनी स्वतः त्याला वाण दिलं. अनारसे साताऱ्यातून विकत आणले होते.

आता तुम्ही म्हणाल, हे नशीब झालं, यात ऑलिंपिकचा काय दोष? हे मीही स्वतःला म्हणून बघितलंय. आणि 2012 सालची मी जे तावातावानं बोलायची, ते सगळं आज मला पटत नाही. तेव्हा मी म्हणायचे, शिपायानं शिपायाचंच काम करावं, बाकी कशाला हात लावू नये. पण 2014 च्या सुरुवातीला सॉमरसेटमध्ये पूर आला, जवान वाळूची पोती भरत होते, तेव्हा मला राग आला नाही. 2020 मध्ये त्याच एक्सेलच्या हॉलमध्ये सैन्यानं काही दिवसांत कोविड रुग्णालय उभं करायला हात लावला, तेव्हा तर मी टीव्हीसमोर रडले. मग गेटवरच का राग?

चुलत्यांच्या शब्दामुळे नाही. माझा एक चुलतभाऊ पुण्यात सोसायटीच्या गेटवर आहे, बारा-बारा तास उभा असतो, त्याचं काम हलकं आहे असं कुणी म्हणालं तर मी भांडेन. उलट मला तर वाटतं, की ती कामं पूर्व लंडनमधल्या बेकार पोरांना, नीट पगार आणि प्रशिक्षण देऊन, वेळेवर मिळायला हवी होती. आबांचा आक्षेप शिपायाच्या मानाचा होता. माझा तो नाही.

माझा आक्षेप तारखेचा आहे. पूर सांगून येत नाही, साथ सांगून येत नाही. लंडन ऑलिंपिकची तारीख सात वर्षं आधी ठरलेली होती. सात वर्षांत ज्यांना माणसं उभी करता आली नाहीत, त्यांची चूक निस्तरायला पंधरा दिवसांत माणसं उभी राहिली, कारण त्यांना ‘नाही’ म्हणता येत नाही. आणि ती हक्काची माणसं कुणाच्या तरी घरातून उचलली जातात.

यावर माझं आणि आबांचंही कधी जमलं नाही. मुंबईत एल्फिन्स्टन रोड स्टेशनच्या जिन्यावर 29 सप्टेंबर 2017 ला चेंगराचेंगरी होऊन 23 माणसं गेली, मग तिथला, करी रोडचा आणि आंबिवलीचा असे तीन पूल सैन्यानं बांधले, ते फेब्रुवारी 2018 मध्ये खुले झाले. आबांची छाती फुगली होती. ‘पूल बांधणं सॅपरचं कामच हाय.’ सॅपर म्हणजे फौजेतले बांधकाम करणारे जवान. मी म्हटलं, आबा, तिथे गर्दी होते हे कुणाला वर्षानुवर्षं माहीत नव्हतं? त्या सॅपरांच्या घरी तेव्हा काय चाललं होतं, कुणी विचारलं? ते म्हणाले, तुझं हे नेहमीचं. त्यांचंही बरोबर असेल. लोक मरत असताना ‘हे रेल्वेचं काम’ म्हणून फौजेनं बाजूला बसावं, असं मला तरी म्हणता येतं का? नाही येत.

पण खेळाला ‘नाही’ म्हणता येतं, हे आपल्याच देशानं दाखवलंय. 2009 मध्ये लोकसभा निवडणूक आणि आयपीएल एकाच वेळी आले. मुंबईवरच्या हल्ल्याला सहा महिनेही झाले नव्हते, लाहोरला श्रीलंकेच्या संघावर नुकताच गोळीबार झाला होता. केंद्रानं सांगितलं, दोन्हीला पुरतील एवढी दलं नाहीत. स्पर्धा दक्षिण आफ्रिकेत गेली. लोकांनी नाराजी दाखवली आणि सामने टीव्हीवर बघितले.

2036 च्या ऑलिंपिकसाठी भारतानं इच्छापत्र दिलंय. मला आनंद आहे, ते आपल्याकडे व्हावं. माझा एक भाचा केंद्रीय राखीव पोलीस दलात आहे. निवडणुका, यात्रा, सण, सामने. त्याची बायको रजेचा कागद हातात पडेपर्यंत कुणालाच ‘येणार आहेत’ असं सांगत नाही. 2036 ला त्यांची मुलं दहावी-बारावीला असतील. कुणाला किती दिवस बोलावणार, त्याची रजा केव्हा भरून देणार, हे आत्ता कागदावर लिहून ठेवायला कुणी अडवलंय?

हे सगळं मी नवऱ्याला इंग्रजीत करून ऐकवलं. तो म्हणाला, लिही, पण हेही लिही की माझ्या नोकरीतले ते सगळ्यात चांगले दिवस होते, आणि परत बोलावलं असतं तर मी परत गेलो असतो. लिहिलं. तो गेला असता हे मला पक्कं ठाऊक आहे. म्हणून तर म्हणते, त्याला विचारून काही कळणार नाही. आम्हाला विचारा.